थांबण्याची विद्या : स्कॉटलंडच्या पावसाळी किनाऱ्यावर शिडाची नौका

स्कॉटलंडचा पश्चिम किनारा नकाशावर पाहिला, तर तो कड उसवलेल्या वस्त्रासारखा दिसतो. हिमयुगातील हिमनद्यांनी डोंगर कोरून खोल दऱ्या केल्या, पुढे समुद्र त्यांत शिरला आणि लांबच लांब खाड्या, अरुंद सामुद्रधुन्या व शेकडो बेटे निर्माण झाली. पंचवीस-तीस फूट लांबीची शिडाची नौका घेऊन या बेटांमधून फिरण्यासाठी दर उन्हाळ्यात अनेक कुटुंबे येथे येतात. आई-वडील, दोन मुले, आठवडाभराचा शिधा आणि पावसाळी कपडे एवढा त्यांचा संसार असतो.

पावसाळी कपडे उन्हाळ्यातही लागतात. अटलांटिक महासागरावरून येणारे नैर्ऋत्येचे ओले वारे येथील डोंगरांना अडतात आणि पाऊस पडतो. फोर्ट विल्यम या गावी वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस होतो. कोकणच्या मानाने हा आकडा मोठा नाही. रत्नागिरीत ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. फरक आहे तो वाटणीचा. कोकणचा पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. स्कॉटलंडचा पाऊस बारा महिन्यांत विभागलेला आहे. सकाळी झड, दुपारी लख्ख ऊन, संध्याकाळी डोंगरावर इंद्रधनुष्य, असा तेथील एकच दिवस असू शकतो.

या वाटणीतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. कोकणात मालाची ने-आण शिडाच्या गलबतांतून होत असे, तेव्हा पावसाळ्यापूर्वी ती किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारली जात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावर पुन्हा पाण्यात लोटली जात. केव्हा थांबायचे, हे ऋतू आणि पंचांग ठरवून देत असत. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर अशी सोय नाही. तेथे निघायचे की थांबायचे, याचा निर्णय नौकेच्या प्रमुखाला रोज सकाळी नव्याने घ्यावा लागतो. त्याची खरी परीक्षा शीड हाताळण्यात होत नाही, या निर्णयात होते.

भरतीचा हिशेब

या निर्णयाचा पहिला आधार म्हणजे भरती-ओहोटीचे कोष्टक. पौर्णिमा व अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी उधाण येते, अष्टमीनंतर भांगाची भरती असते. तिथी पाहणाऱ्या घरांना हे सांगावे लागत नाही. ओबन या बंदरात उधाणाच्या वेळी पाणी सुमारे सव्वातीन मीटर चढते-उतरते, तर भांगाच्या वेळी जेमतेम एक मीटर.

नावाडी यासाठी बारा हिश्शांचा एक सोपा हिशेब वापरतात. भरतीचे साधारण सहा तास धरले, तर पहिल्या तासात एकूण पाण्याचा एक हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे निम्मे पाणी मधल्या दोन तासांतच आत येते. हेच पाणी दोन बेटांमधील अरुंद वाटेने जाऊ लागले की त्याची नदी होते. क्रिननजवळच्या डोरस मोर या सामुद्रधुनीत उधाणाचा प्रवाह ताशी आठ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे १५ किलोमीटर वेगाने धावतो. छोटी शिडाची नौका ताशी पाच सागरी मैल कापते. प्रवाह उलटा असेल तर वारा कितीही अनुकूल असो, नौका मागेच सरकते. तोच प्रवाह सहा तासांनी दिशा बदलतो आणि तिला पाठीवर घेऊन जातो. घाई करणाऱ्याचा दिवस वाया जातो. वाट पाहणारा अर्ध्या वेळात पोहोचतो.

व्यापारासाठी खोदलेली वाट

दक्षिणेकडून येणाऱ्या बहुतेक छोट्या नौका क्रिनन कालव्यातून या पाण्यात उतरतात. किनटायर द्वीपकल्पाला घालावा लागणारा लांबचा आणि धोक्याचा वळसा वाचवण्यासाठी हा सुमारे १४ किलोमीटरचा कालवा खोदला गेला. १८०१ मध्ये तो खुला झाला, तरी पूर्ण व्हायला १८०९ उजाडले. त्यावर १५ जलकपाटे आहेत. नौका एका कप्प्यात घ्यायची, दारे लावायची, पाणी चढवायचे आणि पुढच्या कप्प्यात जायचे. पुष्कळ ठिकाणी ही जड लाकडी दारे नौकेतील माणसांनाच पाठ लावून ढकलावी लागतात.

पूर्वी याच वाटेने ‘पफर’ नावाची छोटी वाफेची मालवाहू जहाजे बेटांवर कोळसा आणि संसारोपयोगी माल नेत. त्यांचा तळ सपाट असे. जेथे धक्का नव्हता तेथे भरतीला जहाज वाळूवर न्यायचे, ओहोटीत ते तेथेच टेकले की घोडागाड्या लावून माल उतरवायचा आणि पुढच्या भरतीला निघायचे. ज्या ओहोटीने वाट अडते, तिचाच त्या व्यापाऱ्यांनी धक्का करून घेतला होता.

चुकलेला हिशेब

हिशेब चुकला तर काय होते, याचे उदाहरण कालव्याच्या मुखापासून जवळच घडले. जुरा आणि स्कार्बा या बेटांमध्ये कॉरिव्रेकनचा प्रसिद्ध भोवरा आहे. समुद्रतळातून वर आलेल्या एका सुळक्यावर प्रवाह आपटतो, पाणी उसळते आणि भोवरे फिरू लागतात. प्रसिद्ध इंग्रजी लेखक जॉर्ज ऑर्वेल त्या काळी जुरा बेटावर राहून ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही कादंबरी लिहीत होते. ऑगस्ट १९४७ मध्ये ते आपला तीन वर्षांचा मुलगा, एक भाचा आणि एक भाची यांना घेऊन छोट्या यंत्रहोडीतून या वाटेने परत येत होते. भरतीची वेळ त्यांनी चुकीची धरली होती. लाटांच्या धक्क्याने होडीचे यंत्र निखळून समुद्रात पडले. वल्ही मारून कसेबसे ते एका खडकाळ बेटाजवळ आले, तेथे होडी उलटली, तरी चौघेही खडकावर पोहोचले. काही तासांनी शेवंड पकडणाऱ्या एका होडीने त्यांना पाहिले व सोडवले. कादंबरी १९४९ मध्ये प्रकाशित झाली. कोष्टकातील एका चुकीपायी ती अपुरीच राहिली असती आणि एक लहान मूलही गेले असते.

अनोळखी माणसांसाठी

या किनाऱ्यावर माणूस केवळ स्वतःच्या हुशारीवर तरत नाही. रात्री दिशा दाखवणारी दीपगृहे बहुतांशी एकाच कुटुंबाची देणगी आहेत. रॉबर्ट स्टीव्हन्सन यांच्यापासून चार पिढ्यांनी स्कॉटलंडची दीपगृहे बांधली. त्यांचे चिरंजीव अॅलन यांनी भर समुद्रातील स्केरीव्होर खडकावर ४८ मीटर उंचीचे दगडी दीपगृह उभारले. ते १८४४ मध्ये पूर्ण झाले. या घराण्यातील रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी मात्र पिढीजात व्यवसाय सोडला आणि ते कादंबरीकार झाले.

एवढे करूनही संकट आलेच, तर मदतीला येते ती १८२४ मध्ये स्थापन झालेली जीवरक्षक नौकांची संस्था. तिचा खर्च मुख्यतः लोकांच्या देणग्यांतून चालतो. तिच्या नौकांवरील बहुतेक माणसे स्वयंसेवक असतात. कोणी दुकानदार, कोणी शिक्षक, कोणी सुतार. हाक आली की हातातले काम टाकून ते वादळात जातात आणि वाचवलेल्या माणसाकडून पैसे घेत नाहीत. स्थापनेपासून एक लाख चाळीस हजारांहून अधिक जीव या संस्थेने वाचवले आहेत. म्हणूनच थांबण्याला तेथे नैतिक अर्थही आहे. आपल्या उतावळेपणाची किंमत केवळ आपणच देत नाही; आपल्याला शोधायला निघालेल्या अनोळखी माणसाचा जीवही आपण पणाला लावतो.

नांगरावरचा दिवस

ओबनहून वायव्येला मल बेटाच्या सामुद्रधुनीतून गेले की टोबरमोरी लागते. १७८८ मध्ये मासेमारीसाठी वसवलेल्या या गावाच्या धक्क्यावर रंगीत घरांची ओळ आहे. येथून पुढे आर्डनामर्खनचे भूशिर आणि उघडा महासागर. त्यामुळे येथे अनेक नौका हवामानाची वाट पाहत नांगरून असतात. रेडिओवरील सागरी वृत्तात वाऱ्याचा जोर सहा वा त्याहून अधिक सांगितला, की पुष्कळ कुटुंबे नांगर उचलत नाहीत. स्टोव्हवर चहा उकळतो, मुले पत्त्यांचा डाव मांडतात, छपरावर पाऊस वाजत राहतो. शेजारच्या नौकेवरील माणूस छोट्या होडीतून येऊन पाव किंवा वर्तमानपत्र देऊन जातो.

प्रत्येक नौकेवर एक रोजनिशी असते. व्यापाऱ्याच्या रोजमेळात जसा मंदीचा दिवसही लिहिला जातो, तसा थांबलेला दिवसही तीत नोंदला जातो : वाऱ्याची दिशा, हवेचा दाब, भरतीची वेळ आणि कापलेले अंतर शून्य. अनुभवी नावाडी ते शून्य खोडत नाही आणि त्याबद्दल ओशाळतही नाही. दुसऱ्या दिवशी वारा फिरतो, ओहोटी अनुकूल होते, आणि ती नौका मुलाबाळांसह भूशिराला वळसा घालून पुढे जाते.