विहीर व बांधकामासाठी घणाची निवड आणि वापर

दिंडोरी तालुक्यात मातीच्या थराखाली बहुतेक ठिकाणी काळा पाषाण लागतो. विहीर खोल करणे, दगडी ताल रचणे, घराचा पाया भरणे या कामांत तो फोडण्यासाठी घण वापरावा लागतो. घण जितका जड तितके काम अधिक, अशी समजूत आहे. परंतु ती पूर्णपणे खरी नाही.

घणाचे वजन दुप्पट केल्यास घावाचा जोर दुप्पट होतो; वेग दुप्पट झाल्यास तो चौपट होतो. न पेलणारा घण सावकाश फिरतो व नेम चुकतो. सबब, दहा घाव लागोपाठ एकाच जागी घालता येतील, तोच घण आपला समजावा. छिन्नीसाठी १ ते २ किलो, खुंटे ठोकण्यासाठी ३ ते ४ किलो आणि मोठे धोंडे फोडण्यासाठी ५ ते ७ किलो वजन सामान्यतः पुरेसे होते. काळ्या दगडात नैसर्गिक सांधे असतात. ते हेरून घाव घातल्यास श्रम वाचतात.

दांडा बाभळीचा अथवा धामणीचा, पुरता वाळलेला, सरळ रेषांचा व बिनगाठीचा असावा. तो नेढ्यात घट्ट बसवून पाचर मारावी. सैल घण पाण्यात भिजवून घट्ट करण्याची रीत धोक्याची आहे; लाकूड वाळताच तो पुन्हा सैल होतो आणि निसटलेला घण शेजाऱ्याचा प्राण घेऊ शकतो. तडकलेला दांडा तारेने बांधून वापरू नये, बदलावा.

घण फिरविणाऱ्याच्या पुढे-मागे कोणी उभे राहू नये. छिन्नी हाताने न धरता सांडशीने धरावी. तिचे डोके फुलासारखे पसरले असल्यास ते घासून घ्यावे, कारण त्याच कडांचे तुकडे उडतात. घणावर घण कधीही मारू नये. घाव घालणाऱ्याने व छिन्नी धरणाऱ्याने, दोघांनीही संरक्षक चष्मा लावावा.

डोळ्यात कपची गेल्यास डोळा चोळू नये, रुतलेली कपची उपटू नये. डोळ्यावर दाब न येईल असे झाकण ठेवून रोग्यास त्वरित रुग्णालयात न्यावे. धनुर्वाताच्या लसीविषयीही तेथे विचारावे.

ग्रामकार्यकर्त्यांनी श्रमदानास आरंभ होण्यापूर्वी प्रत्येक दांडा व पाचर स्वतः तपासावी. या तपासणीस पाच मिनिटे लागतात. गेलेला डोळा मात्र परत येत नाही.