‘राउटर बंद करून चालू करा’ असं आम्ही का सांगतो?

ब्रॉडबँडच्या सपोर्ट डेस्कवर काम करतो. परवा एका काकांचा फोन आला.

“नेट बंद पडलंय!”
“काका, राउटरवर कुठले दिवे लागलेत?”
“एकही नाही. सकाळपासून लाइट गेलीये ना!”

हसू कसंबसं आवरलं. काकांचं म्हणणं होतं, मोबाइल चार्ज आहे, मग वायफाय का नाही? पण राउटरला वीज लागतेच. इन्व्हर्टरवर जोडला तर प्रश्न मिटतो.

दिवे लागले असतील तर आधी ‘एलओएस’ दिवा बघा. तो लाल असेल तर फायबरमधून प्रकाशाचा सिग्नलच पोचत नाहीये. वायर बहुधा तुटली किंवा मुडपली असणार. तिथे रीस्टार्ट करून उपयोग नाही, सरळ तक्रार नोंदवा.

दिवे ठीक, तरी नेट अडकतंय? मग रीस्टार्ट. ही टोलवाटोलवी नव्हे. राउटर म्हणजे छोटा कॉम्प्युटरच. बंद केला की रॅम पुसली जाते आणि अडकलेली कामं सुटतात. अर्धा मिनिट थांबायचं, कारण कपॅसिटरमध्ये थोडी वीज शिल्लक असते.

मात्र रीसेटच्या बारीक छिद्रात टाचणी खुपसू नका, सगळी सेटिंग्ज उडतील.