विंडोजचा खोडवा

वारणानगरचा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प १९९८ साली सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली ७० गावं त्यात होती. उसाची नोंद आणि कारखान्याशी असलेला हिशेब गावात बसून बघता यावा म्हणून गावोगावी संगणक आले, डायल-अपची जोडणी आली. त्याच वर्षी जूनमध्ये विंडोज ९८ बाजारात आली. मागोवा इथून घ्यायचा, कारण तोवर आमच्या भागात संगणक म्हणजे बँकेचं, कॉलेजचं किंवा साखर कारखान्याच्या ऑफिसातलं यंत्र. दुरुस्त करणारा माणूस हाकेच्या अंतरावर असायचा. संगणक गावात गेला आणि तो बंद पडल्यावर काय करायचं, हा प्रश्नही त्याच्याबरोबर गावात गेला.

बिघाड बहुतेक वेळा यंत्राचा नसायचा. चालू कामात वीज जायची, एखादी महत्त्वाची फाइल अर्धवट लिहिली जायची आणि विंडोज उठायची नाही. त्यावर सगळ्यांना ठाऊक असलेला इलाज एकच: फॉरमॅट मारायचा आणि विंडोज नव्यानं टाकायची. त्यासाठी बूट फ्लॉपी लागायची आणि सीडी लागायची. पाटण-महाबळेश्वरच्या पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरायची. माण-खटावच्या धुळीत सीडी ड्राइव्हची लेन्स काम देईनाशी व्हायची. जत किंवा आटपाडीहून यंत्र उचलून सांगलीला आणायचं म्हणजे एसटीतला सगळा दिवस गेला.

या अडचणीतून जे शिकलं गेलं, ते कुठल्या पुस्तकात शिकवलेलं नव्हतं. सातारा, कराड, इस्लामपूर, विटा इथल्या हार्डवेअरवाल्या पोरांनी एक शिस्त लावून घेतली होती. नवीन यंत्र बसवतानाच हार्ड डिस्कचे दोन भाग करायचे, सी आणि डी. सीडीवरचा विन९८ हा फोल्डर त्यातल्या सगळ्या कॅब फाइलींसकट डीमध्ये उतरवून ठेवायचा. जागा शंभर-दीडशे एमबी जायची आणि चार जीबीच्या डिस्कवर ती थोडी नव्हती, तरी ठेवायचा. पुढे विंडोज उठली नाही तरी तिच्याखाली डॉस जिवंत असायचा. सुरू होताना एफ८ दाबायचं, काळ्या पडद्यावर जायचं, जुन्या विंडोज फोल्डरचं नाव बदलायचं, डीमध्ये शिरून सेटअप चालवायचं. फ्लॉपीची गरज नाही, सीडीची नाही. ज्यानं हे फोनवरून दहिवडीच्या किंवा शिराळ्याच्या माणसाकडून करून घेतलं असेल, त्याला त्याची किंमत सांगायला नको.

ऑक्टोबर २००१ मध्ये एक्सपी आली आणि खालचा डॉस गेला. युक्ती मात्र टिकली. आता डीमध्ये आय३८६ नावाचा फोल्डर ठेवायचा. विंडोज रडतखडत का होईना, चालू होत असेल तर त्या फोल्डरमधली विनएनटी३२ ही फाइल थेट चालवायची. सेटअप स्वतःच्या फाइली डिस्कवर उतरवून घ्यायचा, सुरुवातीच्या यादीत आपलं नाव लावायचा आणि पुढच्या वेळी यंत्र त्याच्यातूनच उठायचं. या वाटेला एक मर्यादा होती. ज्या भागावर सेटअपच्या तात्पुरत्या फाइली असत तो भाग त्यातून फॉरमॅट होत नसे, म्हणून जुना फोल्डर पुसून त्याच जागी नवा बसवावा लागे. विंडोज अजिबातच उठत नसेल तर डॉसमधून विनएनटी चालवायचं, पण डॉसला एनटीएफएस वाचता येत नाही. त्यामुळे जाणता माणूस डी ड्राइव्ह मुद्दाम फॅट३२ ठेवायचा. आणि त्याआधी स्मार्टड्राइव्ह सुरू करायचं, नाहीतर फाइली उतरायलाच तासन्‌तास लागायचे. त्या दशकाच्या मध्यात गावात भारनियमनाचे तास मोजून कामं लावावी लागत. अर्धवट सेटअपमध्ये वीज गेली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

त्या आय३८६ फोल्डरचा एक उपयोग आज कुणाच्या लक्षात नसेल. एक्सपीत देवनागरी होती, पण झोपलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'समोर खूण केली की ती जागी व्हायची, आणि खूण केल्याबरोबर यंत्र सीडी मागायचं. सीडी नसेल तर मराठी नाही. डीमध्ये फोल्डर असेल तर तिकडे बोट दाखवायचं, दोन मिनिटांत इनस्क्रिप्टचा कळफलक तयार. ज्या गावात सीडी पोचत नव्हती तिथे युनिकोड मराठी पोचली, ती मोठ्या प्रमाणात या साठवलेल्या फोल्डरमधून, असं माझं ठाम मत आहे.

याची दुसरी, कडू बाजूही होती. लग्नपत्रिका छापणारे, दैनिकांचे वार्ताहर, पतसंस्था, शाळा यांचं मराठी काम युनिकोडमध्ये नव्हतंच. ते श्रीलिपीत असायचं, सीडॅकच्या आयएसएममध्ये किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये असायचं. फॉरमॅट मारला की फाँट जायचा आणि डीमध्ये ठेवलेला वर्षभराचा मजकूर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन समोर यायचा. मजकूर शाबूत असायचा, फक्त वाचता यायचा नाही. अनेकांनी तो गेला असं समजून पुसून टाकला. म्हणून चांगला कारागीर फॉरमॅटच्या आधी विचारायचा, 'मराठी कशात टाइप करता?' हा प्रश्न विचारणारा आणि न विचारणारा, यांच्यात मी आजही फरक करतो.

२००१ साली एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीची केंद्रं तालुक्याच्या गावांपर्यंत गेली. सरकारी नोकरीला हा अभ्यासक्रम लागू झाल्यामुळे एकेका खोलीत एकसारखी यंत्रं रांगेनं उभी राहिली. एकसारखी यंत्रं म्हटल्यावर घोस्ट आलंच. न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं आणि १९९८ मध्ये सिमँटेकनं विकत घेतलेलं हे सॉफ्टवेअर अख्ख्या सी ड्राइव्हची एक फाइल करून डीमध्ये ठेवायचं. बॅच संपली, यंत्रं घाण झाली, की घोस्ट मारायचं. दहा-पंधरा मिनिटांत विंडोज, ऑफिस, फाँट, प्रिंटर सगळं पूर्वीसारखं. दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर तेच घोस्ट मारलं तर मात्र निळा पडदा ठरलेला.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते तिच्याकडे येतो. २००७ नंतर घराघरांत लॅपटॉप येऊ लागले. त्यांच्याबरोबर सीडी मिळेना. कंपन्यांनी त्याऐवजी डिस्कचाच एक कोपरा राखून त्यात मूळ विंडोज भरून दिली होती. एचपीचा असेल तर एफ११, आसूसचा असेल तर एफ९, एसरचा असेल तर ऑल्ट आणि एफ१० एकत्र. एवढं दाबलं की लॅपटॉप कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसा होई. विंडोजचे पैसे गिऱ्हाइकानं लॅपटॉपच्या किमतीत मोजलेले असत. आमच्या पोरांनी जी युक्ती दहा वर्षं हातानं केली, तीच कंपनीनं आत बसवून दिली होती. आणि आम्हीच ती पुसली. 'डिस्कमध्ये दहा-बारा जीबी फुकट अडकलेत, मोकळे करून देतो' असं सांगून तो कोपरा उडवला जायचा आणि वर बाजारातली फुटकळ चोरीची विंडोज टाकली जायची. मालकाला कळायचंही नाही की त्याच्या हक्काची प्रत गेली. पुढे अपडेट बंद, पडदा काळा, 'ही प्रत अस्सल नाही' अशी सूचना, मग पुन्हा दुकान. यात गिऱ्हाइकाचा दोष नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगणं हे आमच्या धंद्याचं काम होतं.

लिनक्सची वाट याच काळात उघडली, पण फार थोडे तिच्यावर गेले. उबुंटूच्या सीडी २०११ पर्यंत टपालानं मोफत यायच्या. ज्याला थांबायचं नव्हतं तो बीएसएनएलच्या ब्रॉडबँडच्या ज्या योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ मोफत डाउनलोड मिळे ती घ्यायचा. २५६ केबीपीएसच्या वेगानं ७०० एमबीला सहा तास लागतात, म्हणजे नेमका तेवढाच अवधी. सीडीवर लिहायला रायटर नसला तरी अडत नव्हतं. एप्रिल २००८ च्या उबुंटू ८.०४ बरोबर वुबी आलं. विंडोजमध्ये साध्या प्रोग्रामसारखं ते चालवायचं आणि विंडोजच्याच डिस्कवर एका मोठ्या फाइलीत अख्खं लिनक्स बसायचं. नको झालं तर काढून टाकायचं. केरळनं या काळात शाळांचे संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेले आणि तिथली मुलं शिक्षकांबरोबर यंत्र स्वतः उभं करायला शिकली. आपल्याकडे रयत शिक्षण संस्थेसारखं शाळांचं जाळं सातारा-सांगलीत होतं, तंत्र जाणणारी पोरं होती, तरी तसं घडलं नाही याची खंत वाटते.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. दुकानं, दवाखाने, छापखाने, वकिलांची ऑफिसं पाण्यात राहिली. आतापर्यंत ज्या युक्तीची बाजू मांडली तिची हद्द त्या पुरात दिसली. सी बुडाला तेव्हा डीही बुडाला, कारण दोन्ही एकाच तबकडीवर. राखून ठेवलेला कोपरा, घोस्टची फाइल, फाँटचा फोल्डर, सगळं चिखलात. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं तेव्हा शहाण्यांनी डिस्का काढून वरच्या मजल्यावर नेल्या होत्या. यंत्र आतून उभं राहतं ते यंत्र शाबूत असेपर्यंत. नवीन एसएसडी घातली तरी हाच प्रश्न येतो, कारण जुना कोपरा तिच्यावर आपोआप येत नाही. ॲपलनं २०११ मध्येच यावर उत्तर काढलं होतं. मॅकच्या मदरबोर्डवरच इतकी बुद्धी ठेवली की डिस्क कोरी असली तरी तो वायफाय पकडून संपूर्ण प्रणाली इंटरनेटवरून उतरवून घेई.

विंडोजमध्ये 'रीसेट' २०१२ साली विंडोज ८ बरोबर आलं, आणि जुलै २०१५ च्या विंडोज १० मध्ये त्याची रीत बदलली. वेगळी मूळ प्रत राखायची गरज उरली नाही. चालू असलेल्या विंडोजच्याच फाइलींतून नवी विंडोज बांधली जाऊ लागली. ऊस तोडल्यावर जमिनीत राहिलेल्या बुडख्यांतून खोडवा फुटतो, तसंच हे. बेण्याचा खर्च वाचतो, पण लागणीला रोग असेल तर तो खोडव्यातही येतो. मूळ फाइलीच खराब असल्या की रीसेट अर्ध्यावर थांबतं आणि 'कोणताही बदल केलेला नाही' असं सांगून परत फिरतं. त्यासाठी मे २०२० मध्ये 'क्लाउड डाउनलोड'चा पर्याय आला. सुमारे चार जीबी ताज्या फाइली थेट मायक्रोसॉफ्टकडून उतरवायच्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं नसतं तर सांगली-साताऱ्याच्या गावांत या पर्यायाला काही अर्थ नव्हता, कारण त्याआधी मोबाइलवर एका जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागायचे.

आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्याला आज विंडोज टाकणं ही अडचण राहिलेली नाही. त्यानंतरचं काम अवघड आहे. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस, प्रिंटर, स्कॅनर, ब्राउझरच्या सेटिंग हे सगळं पुन्हा बसेपर्यंत दाखल्यासाठी आलेली माणसं बाहेर ताटकळतात. रीसेटमध्ये 'माझ्या फाइली ठेवा' म्हटलं तरी बाहेरून बसवलेले प्रोग्राम राहत नाहीत. म्हणून या सगळ्यांचे सेटअप एका फोल्डरमध्ये डी ड्राइव्हवर ठेवणारा परिचालक अर्ध्या दिवसात उभा राहतो, आणि न ठेवणारा दोन दिवस फोनवर असतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. त्यातली बरीच यंत्रं अजून चांगली आहेत, पण टीपीएम २.० नसल्यामुळे किंवा प्रोसेसर जुना असल्यामुळे विंडोज ११ त्यांना घेत नाही. लोकवर्गणीतून डिजिटल झालेल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत अशी यंत्रं असतील तर ती भंगारात घालू नयेत, हे कळकळीनं सांगायचं आहे. लिनक्स मिंटची किंवा उबुंटूची आयएसओ फाइल डी ड्राइव्हवर ठेवा. विंडोजमधूनच ग्रब२विन बसवा आणि त्या फाइलीतून यंत्र उठवा. पेन ड्राइव्हही लागत नाही. फक्त जो भाग पुसणार त्यावर ती फाइल ठेवू नका.

आणि ज्यांच्याकडे नवीन लॅपटॉप आहे त्यांच्यासाठी एक. विंडोज ११ मध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ लागली आहे. बिघाड झाल्यावर यंत्र ४८ आकडी किल्ली मागतं, आणि ती बहुतेक वेळा अशा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते जे दुकानदारानं बिलाच्या घाईत उघडून दिलेलं असतं आणि ज्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही. ती किल्ली आजच खात्यातून काढून घ्या, कागदावर लिहा आणि तो कागद सातबारा आणि खरेदीखत ठेवता त्या पिशवीत ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको.