हार्ड डिस्कची वाटणी आणि फायलींची घडी : घरातले जुने कागद सांभाळताना



आजचा विषय नावावरून कोरडा वाटेल, पण तो इथं बसलेल्या बहुतेकांच्या कपाटात आहे. आजोबांच्या वेळचे उर्दू-मोडीतले कागद, खासरा पत्रकाच्या नकला, पावत्या, लग्नाचे फोटो, व्हिडिओ कॅसेटवरून उतरवून घेतलेली चित्रणं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यातल्या निजामकालीन नोंदी तपासल्या जाऊ लागल्या, तेव्हा पेटीतल्या जुन्या कागदाचं मोल घराघरांत कळलं. अनेकांनी ते स्कॅन केले आणि एक्सटर्नल हार्ड डिस्कवर ठेवले. चांगलंच केलं.

पण मग दोन प्रश्न येतात. डिस्कचे भाग पाडावेत का? आणि जागा पुरत नाही म्हणून फायली दाबून लहान कराव्यात का? माझं म्हणणं आधीच सांगतो. भाग पाडले म्हणून दुसरी प्रत तयार होत नाही. आणि फाइल दाबण्याचे दोन प्रकार आहेत. एकात काहीच हरवत नाही, दुसऱ्यात जे गेलं ते कायमचं गेलं. एवढं नीट समजलं की बाकीचं सोपं आहे.

वाटणी म्हणजे काय?

पार्टिशनला आपल्याकडं सरळ शब्द आहे, वाटणी. दहा एकराचं रान आहे, दोघा भावांत वाटणी झाली, मधे बांध पडला. म्हणून रान वाढलं का? नाही. डिस्कचंही तसंच. एकच डिस्क कॉम्प्युटरवर दोन ड्राइव्ह म्हणून दिसते, पण हातात वस्तू एकच असते.

आता इथं एक शंका नेहमी येते. एक टीबीची डिस्क आणली आणि विंडोजवर ९३१ जीबीच दिसते, म्हणजे दुकानदारानं फसवलं का? नाही. कंपनी एक टीबी म्हणजे एकावर बारा शून्य इतके बाइट मोजते, आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. गुंठा आणि आर यांत जसा मापाचा फरक, तसा हा फरक.

वाटणी झाली की तिची नोंद लागते. डिस्कच्या सुरुवातीलाच एक छोटा तक्ता असतो : कोणता भाग कुठून सुरू होतो, कुठं संपतो. हा डिस्कचा सातबारा समजा. जुन्या पद्धतीच्या तक्त्याला एमबीआर म्हणतात. त्यात मुख्य भाग चारच करता येतात आणि साधारण दोन टीबीच्या पुढं तो पोचत नाही. नवी पद्धत जीपीटी, तिच्यात विंडोजवर १२८ भाग होऊ शकतात. डिस्क दोन टीबीपेक्षा मोठी असेल तर जीपीटीच घ्या.

हा तक्ता किंवा एखाद्या भागाची आतली नोंद बिघडली, तर डिस्क जोडल्यावर 'फॉरमॅट करायची का?' असा प्रश्न पडद्यावर येतो. इथं घाईनं 'हो' दाबू नका. सातबारा हरवला म्हणून रान वाहून जात नाही. बहुतेक वेळा फायली तिथंच असतात, फक्त त्यांचा पत्ता हरवलेला असतो. त्यावर नवीन काही लिहिलं, तर मात्र खाली असलेलं पुसलं जातं. म्हणून तशी डिस्क बाजूला काढा आणि जाणकाराकडं न्या.

मग भाग पाडायचे कधी?

भाग पाडायला कारण लागतं. एक कारण, फाइल सिस्टिम वेगळी हवी असणं. फाइल सिस्टिम म्हणजे त्या भागात फायली मांडायची पद्धत. फॅट-३२ ही जुनी पद्धत बऱ्याच टीव्हींवर चालते, पण तिच्यात एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी बसत नाही. लग्नाचा अख्खा व्हिडिओ कॉपी होत नाही आणि आपण म्हणतो, 'अरे, जागा तर मोकळी आहे.' जागा आहे, पण नियम आड येतो. एनटीएफएसला ती अडचण नाही, पण मॅकवर त्यातलं नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही. एक्सफॅट दोन्हीकडं चालतं. मात्र लिहीत असताना वायर ओढली तर सावरण्याची सोय एनटीएफएसमधे आहे, एक्सफॅटमधे नाही. म्हणून डिस्क काढताना 'इजेक्ट' करूनच काढा.

दुसरं कारण, खाजगी कागद कुलूपबंद ठेवणं. एका भागाला पासवर्ड लावला, दुसरा सगळ्यांना खुला. एवढी कारणं पुरे. नुसती वर्गवारी करायची असेल तर फोल्डर करा. फोल्डर पाहिजे तेवढं वाढतं. वाटणी एकदा केली की एका बाजूला गर्दी आणि दुसरीकडं पडीक, असं हमखास होतं.

फोल्डरच्या नावांबद्दल आपल्या जिल्ह्यापुरतं एक सांगतो. १९८२ मध्ये लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा झाला, आणि २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. म्हणजे १९८२ पूर्वीच्या औसा किंवा निलंग्याच्या कागदावर जिल्हा लातूर नसतो. फाइलला नाव देताना कागदावरचं साल, गाव आणि तालुका लिहा. जिल्ह्याचं नाव बदललं तरी नातवाला कागद सापडेल.

आता महत्त्वाची गोष्ट. काही जण एकाच डिस्कचे दोन भाग करतात, तेच फोटो दोन्हींकडं ठेवतात आणि म्हणतात, बॅकअप झाला. डिस्क टेबलावरून पडली तर आतली तबकडी एकच आहे, दोन्ही भाग एकदम जातात. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या जिल्ह्याला वेगळी सांगायची गरज नाही. किल्लारीबरोबर आपलं सास्तूरही पडलं. घर कोसळलं तेव्हा कागद कोणत्या पेटीत होता याला काही अर्थ उरला नाही. दोन पेट्या एकाच छपराखाली होत्या. पार्टिशन म्हणजे एकाच घरातल्या दोन पेट्या. बॅकअप म्हणजे दुसऱ्या गावातलं दुसरं घर.

फायली दाबणं : घडी आणि खवा

कॉम्प्रेशनचा पहिला प्रकार गोधडीच्या घडीसारखा. घडी घातली, जागा कमी लागली. उलगडली, गोधडी होती तशी. झिप फाइल ही या जातीची.

ती कशी चालते? समजा, तुम्ही गावाची यादी टाइप केली आणि प्रत्येक ओळीत 'तालुका तुळजापूर' हे शब्द आहेत. हजार वेळा ते लिहिण्यापेक्षा एकदा लिहायचं आणि पुढं फक्त खूण करायची, 'मागं अमुक ठिकाणी आहे तेच.' अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव यांनी १९७७ मध्ये मांडलेली ही कल्पना आजही झिपच्या पोटात आहे. तिच्या जोडीला हफमननं १९५२ मध्ये सांगितलेली युक्ती : जे चिन्ह जास्त वेळा येतं त्याला आखूड खूण द्यायची. मराठी मजकूर तर छानच दाबला जातो, कारण युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि त्यातले पहिले दोन बहुतेक तेच ते असतात.

दुसरा प्रकार आपल्या भूम-परंड्याकडच्या खव्यासारखा. दूध आटवलं, खवा झाला. उत्तम झाला, पण त्याचं परत तेच दूध होत नाही. १९९२ मध्ये मानक ठरलेली जेपीजी ही पद्धत फोटोतले डोळ्याला न जाणवणारे बारकावे टाकून देते. फोटो छान दिसतो, पण टाकलेलं परत येत नाही. बदल करून पुन्हा पुन्हा सेव्ह केला तर दर वेळी आणखी थोडं जातं. आणि जेपीजी फोटोंची झिप केली तर जागा जवळजवळ वाचत नाही, कारण ते आधीच दाबलेले असतात. व्हिडिओचंही तेच. झिप करून डिस्क मोकळी होईल ही आशा तिथं सोडा.

आता हिशोब बघू. ए-फोर आकाराचं एक पान ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलं, तर न दाबता साधारण २६ एमबी होतं. हजार पानं म्हणजे २६ जीबी. एक टीबीच्या डिस्कवर अशी पस्तीस हजारांहून जास्त पानं मावतात. एका घराचे कागद त्यापुढं किती? म्हणजे मूळ प्रत आटवायची गरजच नाही. टिफ फाइलमधे घडी पद्धतीचं कॉम्प्रेशन मिळतं, ते वापरा.

गरज नसताना आटवलं तर काय होतं, याचं २०१३ चं उदाहरण आहे. डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाला दिसलं, की झेरॉक्स कंपनीची काही मशीन स्कॅन करताना आकडेच बदलतात. घराच्या एका नकाशावर तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती, स्कॅनमधे मात्र तिन्ही खोल्यांवर १४.१३ आलं. जागा वाचवण्यासाठी मशीन सारखे दिसणारे तुकडे 'एकच' धरत होतं. आकडा पुसट नव्हता, स्वच्छ होता आणि चुकीचा होता. हे तुमच्या गट नंबरच्या बाबतीत झालं तर? ६८ चा ६६ झाला तर कोण ओळखणार? म्हणून जमिनीच्या कागदाची मूळ स्कॅन प्रत कधी आटवू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवायला लहान पीडीएफ वेगळी करा. आणि फोटो पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअॅपही त्याला आटवतं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : भरलेल्या डिस्कचे भाग पाडता येतात का?

येतात. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधे 'श्रिंक' म्हणून सोय आहे, ती मोकळी जागा कापून देते. पण आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. आणि हे काम लॅपटॉप पूर्ण चार्ज असताना करा. काम अर्ध्यावर असताना लाइट गेली तर निस्तरणं अवघड होतं.

प्रश्न : सगळे कागद एकाच झिपमधे ठेवले तर चालेल?

एकच मोठं गाठोडं करू नका. साधारण झिपमधे प्रत्येक फाइल वेगळी दाबलेली असते, त्यामुळं एखादी बिघडली तरी बाकीच्या बऱ्याचदा निघतात. सेव्हन-झिपसारख्या काही प्रकारांत मात्र अनेक फायली सलग दाबतात, मधे बिघाड झाला की पुढचंही अडकतं. म्हणून गावागणिक किंवा सालागणिक छोटी गाठोडी करा. केलेली झिप उघडून तपासा, आणि मगच मूळ फाइल हलवण्याचा विचार करा.

प्रश्न : मग आम्ही घरी जाऊन नेमकं काय करायचं?

दोन डिस्क घ्या. भाग पाडू नका, साधे फोल्डर करा. दोन्हींवर तेच कागद न आटवता ठेवा. एक डिस्क घरी, दुसरी लेकीकडं किंवा मामाच्या गावी. दिवाळीला सगळे एकत्र येतात, तेव्हा दोन्ही जोडून चार-दोन फायली उघडून बघा आणि वर्षभरातलं नवीन दोन्हींकडं टाका. मूळ कागद मात्र टाकून देऊ नका, तो कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.