गाडी ऑइल कुठे खाते?

मुंबईहून ठाण्याकडे जाणारा जुना आग्रा रस्ता घाटकोपर, भांडुप, मुलुंड असा जातो. आता त्याला लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतात. मुलुंडला आमचा एक जुना विद्यार्थी ट्रक दुरुस्तीचं काम करतो. संध्याकाळी आम्ही त्याच्या गॅरेजात बाकावर जाऊन बसतो. निवृत्त हेडमास्तरला दुसरा उद्योग काय?

एके दिवशी सिन्नरकडचा एक ड्रायव्हर तोंड उतरवून आला. त्याच्या गाडीत दर फेरीला दोन लिटर ऑइल घालावं लागे. मालक म्हणाला होता, “ऑइल तू विकतोस. नाहीतर इंजिन खोलू, आणि त्यात काही निघालं नाही तर खर्च तुझ्या पगारातून कापू.”

मिस्त्री म्हणाला, “दादा, इंजिन खोलायची घाई नको. ऑइल जातं कुठे ते आधी बघू.”

इंजिनाच्या तळाशी ऑइलचं चेंबर असतं. तिथून पंप ऑइल वर चढवतो. ते घासणाऱ्या भागांना मिळतं आणि पुन्हा खाली येतं. थोडं ऑइल प्रत्येक गाडी खाते. पण फार कमी होऊ लागलं, तर ते बाहेर गळतं, आत जळतं किंवा भलतीकडेच जातं.

गळतं का, हे पाहणं सोपं. इंजिन पुसून घ्यावं आणि रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरावा. सकाळी पुठ्ठ्यावर डाग दिसतात. या गाडीचा पुठ्ठा कोरडा निघाला.

मग जळतं का? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती तापते, आणि त्या हवेत डिझेल पेटतं. जर्मनीच्या रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली असं इंजिन चालवून दाखवलं. पिस्टनवरच्या रिंगा ही हवा अडवतात आणि भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडून खाली लोटतात. रिंगा झिजल्या की ऑइल वर जाऊन जळतं. चढावर सायलेन्सरमधून निळा धूर येतो, आणि ब्रीदरच्या नळीतून जोराने वाफारा निघतो. सकाळी सुरू करतानाच निळा धूर आला आणि मग थांबला, तर संशय व्हॉल्व्ह गाइडवर घ्यावा. टर्बो असेल तर त्याची हवेची नळी काढून आत ऑइल साचलं आहे का पाहावं. काळा धूर मात्र ऑइलचा नव्हे, तो अर्धवट जळलेल्या डिझेलचा.

या गाडीला निळा धूर नव्हता. ब्रीदरही शांत होता.

मिस्त्रीने ड्रायव्हरला एक वही दिली. “गाडी सपाट जागी उभी कर. इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांब. मग पट्टी पुसून माप घे. तारीख, किलोमीटर, किती ऑइल घातलं, सगळं लिही. वरच्या खुणेच्या वर भरू नकोस. जास्त झालेलं ऑइल ब्रीदरमधून बाहेर पडतं.”

आठ दिवसांनी ड्रायव्हर वही घेऊन आला. अक्षर वाकडं होतं, पण आकडे स्पष्ट होते. मिस्त्रीने ती वाचली. चाकांना दगड लावले आणि ब्रेकच्या हवेच्या टाकीखालचा नळ हळूच उघडला. फुस्स करून हवा सुटली, आणि मागोमाग काळं ऑइल! थोडा तेलकटपणा चालतो, पण हे वाटीभर होतं.

ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच ऑइलवर चालतो. त्याच्या रिंगा झिजल्या होत्या. तो हवेबरोबर ऑइलही टाकीत ढकलत होता. काही टाकीत साचे, काही हवेबरोबर बाहेर उडून जाई. ऑइलने ब्रेकच्या व्हॉल्व्हचे रबर फुगतात. हा ट्रक कसारा घाट उतरत होता, हे ऐकून आमच्या अंगावर काटा आला.

कॉम्प्रेसर दुरुस्त झाला, नळ्या आणि टाक्या साफ केल्या, व्हॉल्व्ह तपासले. इंजिनाला हात लावावा लागला नाही. ड्रायव्हरने पुढच्या तीन फेऱ्यांचे आकडे लिहून ती वही मालकापुढे ठेवली. मालकाने ती दोनदा वाचली आणि पुरा पगार मोजून दिला.