तृणमणी आणि पिळाचा तराजू

हिवाळ्यातल्या कोरड्या सकाळी केस विंचरून कंगवा कागदाच्या कपट्यांजवळ नेला की ते टुणकन उडून त्याला बिलगतात; हा खेळ शाळकरी वयात बहुतेकांनी केलेला असतो, आणि विजातीय भारांत आकर्षण व सजातीयांत प्रतिकर्षण हे सूत्र घोकून घेतले म्हणजे त्याचा उलगडा झाला, असे गृहीत धरून वर्ग पुढच्या धड्याकडे वळतो. परंतु कपट्यांवर मुळी भारच नसतो! मग ही ओढ कसली? विद्युतशास्त्राचा पाठ याच प्रश्नापासून सुरू व्हावा, असे मला मनापासून वाटते.

हे नवल प्राचीनांना ठाऊक होते. घासली असता गवताची काडी खेचून घेणाऱ्या अश्मीभूत राळेला संस्कृतात तृणमणी म्हणत, फारसीत काहरुबा, म्हणजे काडी पळविणारा. आणि तिच्या ग्रीक नावावरूनच विल्यम गिल्बर्टने १६०० सालच्या आपल्या चुंबकविषयक ग्रंथात या गुणधर्माचे नामकरण केले.

केसांकडून इलेक्ट्रॉन घेऊन कंगवा ऋणभारित होतो. कागदातील धन व ऋण भारांचा जमाखर्च तंतोतंत जुळलेला, बाकी शून्य. तथापि कंगवा समीप येताच कागदाच्या रेणूंतील ऋणभार किंचित मागे रेटला जातो आणि धनभाराला कंगव्याचे सान्निध्य लाभते. ओढ आणि लोट दोन्ही एकाच वेळी चालू असतात. ओढला जाणारा भार लवमात्र जवळ, लोटला जाणारा लवमात्र दूर, एवढ्याच तफावतीवर कपटा उडतो. सारी भिस्त अंतरावर.

या अंतराच्या हिशेबाची रुजवात १७८५ साली फ्रान्समध्ये चार्ल्स कूलाँ या लष्करी इंजिनियराने केली. काचेच्या नळकांड्यात चांदीच्या अतिसूक्ष्म तारेला आडवी कांडी टांगलेली, तिच्या टोकाशी भेंडासारख्या हलक्या गाभ्याची गोळी, आणि तिला खेटून दुसरी, स्थिर. दोहोंना एकच भार देताच टांगलेली गोळी ३६ अंश दूर सरली व तारेला तितकाच पीळ पडला. मग वरची मूठ फिरवून त्याने गोळ्या बळेच १८ अंशांवर आणल्या, तेव्हा एकूण पीळ १४४ अंश भरला. साडेआठ अंशांवर आणल्या, तेव्हा ५७५.५. अंतर निम्मे, बल चौपट.

हे बल किती प्रचंड असावे? हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन व इलेक्ट्रॉन यांच्यातील विद्युत आकर्षण त्यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १०³⁹ पट आहे. धन व ऋण भारांचा ताळेबंद सर्वत्र जुळलेला असतो म्हणूनच ते एरवी जाणवत नाही, आणि तो रतिभर बिघडताच साधा कंगवा अवघ्या पृथ्वीच्या ओढीविरुद्ध कागद उचलतो.

भार वाहू लागले की मात्र निराळाच कायदा अमलात येतो. १८२० साली कोपनहेगनला हान्स ओर्स्टेडने विद्युतप्रवाह वाहणारी तार चुंबकसूचीवर तिला समांतर धरली; सूची तारेकडे ओढली गेली नाही, दूरही लोटली गेली नाही, ती आडवी वळली, आणि तार सूचीखाली नेताच उलट दिशेस. त्याच वर्षी पॅरिसला आंपेअरने दाखवून दिले की, दोन समांतर तारांतील प्रवाह एकाच दिशेचे असतील तर त्या परस्परांना ओढतात, विरुद्ध दिशांचे असतील तर लोटतात. शाळेत घोकलेल्या सूत्राच्या नेमके उलट. आणि या तारांवरही, कागदाच्या कपट्याप्रमाणेच, भाराची बाकी जवळजवळ शून्यच असते.