नवा दरवाजा, जुना रंग : मेळ कसा बसवावा?

गाडीचा दरवाजा किंवा मडगार्ड बदलल्यावर रंगात फरक दिसला, तर गिऱ्हाईक पैसे अडवते आणि पुन्हा रंग मारण्याचा खर्च कारागिराच्या माथी बसतो. डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यातील बांधवांसाठी आम्ही काही गोष्टी येथे देत आहोत.

गाडीवरील पट्टीवर कंपनीचा रंगकोड असतो. पण कोडप्रमाणे केलेला रंग जुळेलच असे नाही. उन्हाने जुना रंग बदललेला असतो, शिवाय एकाच कोडच्या छटाही थोड्याफार वेगळ्या निघतात. म्हणून शेजारचा भाग आधी पॉलिश करून मूळ रंग पाहावा. मग पत्र्याच्या तुकड्यावर त्याच गनने, त्याच दाबाने रंग मारावा, क्लिअर कोट द्यावा आणि वाळल्यावर तुकडा गाडीला लावून दिवसाच्या उजेडात पाहावा. ट्यूबलाइटखाली फसगत होते. मेटॅलिक रंग ओला मारला तर गडद आणि कोरडा मारला तर फिकट दिसतो.

तरीही फरक उरला, तर शेजारचा भाग घासून बेस कोट त्यावर विरळ करत न्यावा आणि त्या संपूर्ण भागाला क्लिअर कोट द्यावा. याचा जादा खर्च काम घेतानाच सांगावा, म्हणजे मागाहून वाद होत नाही.